चंद्र पृथ्वीमागे जातो तेव्हा

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

बँक हॉलिडे, इंग्लंडभर सुट्टी. जीपीकडच्या नर्सने सांगितलं आहे, रोज चार ओळी लिहा, कोणासाठी नाही, स्वतःसाठी. राजश्रीला जाऊन सात आठवडे आणि चार दिवस झाले.

नर्सने विचारलं होतं, काम काय करता. मी म्हणालो, एक जुना उपग्रह सांभाळतो. ती 'हाउ लव्हली' म्हणाली आणि विषय तिथेच संपला. राजश्री असती तर तिने माझ्या वतीने पुढचं सांगितलं असतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला ते पाठ झालं होतं.

पुढचं असं. आमचा उपग्रह अटलांटिकच्या वर एकाच जागी उभा असल्यासारखा असतो. पृथ्वीकडे तोंड करून राहायचं, एवढंच त्याचं काम. तोंड वळलं की खालच्या जहाजांचे आणि बेटांवरच्या दवाखान्यांचे फोन बंद. पृथ्वी कुठे आहे हे त्याला 'अर्थ सेन्सर' नावाच्या यंत्राच्या चार डोळ्यांनी कळतं: दोन उत्तरेकडे, दोन दक्षिणेकडे, प्रत्येक जोडीत एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. हे डोळे उजेड पाहत नाहीत, ऊब पाहतात. अवकाश गार, पृथ्वी कोमट. गार संपून कोमट सुरू होतं तो पृथ्वीचा काठ. उबेत पाहिलं तर पृथ्वीवर समुद्र नसतो, देश नसतात, दिवस आणि रात्रही वेगळे दिसत नाहीत. मऊ काठाचा एक गोल, बस.

अडचण चंद्राची. पूर्ण चंद्र उन्हाने तापलेला असतो. तो काठाजवळ आला की डोळ्याला वाटतं पृथ्वी त्या बाजूला वाढली, आणि उपग्रह तिकडे कलतो. म्हणून चंद्र यायच्या आधी त्या बाजूचा डोळा बंद करायचा आणि गेला की उघडायचा. याला आम्ही मास्क म्हणतो. सूर्यही येतो, पण त्याचा मास्क यंत्र स्वतःच घालतं, सूर्याबाबत कोणाला शंका नसते. चंद्राचं माणसाने ठरवावं लागतं. किती भरलेला आहे, किती तापलेला आहे, काठाच्या किती जवळून जाणार. या वेळांचा तक्ता मी करतो. सतरा वर्षं झाली.

चार ओळींपेक्षा बरंच जास्त झालं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सारा माझ्या टेबलाशी आली. ती नियंत्रण कक्षाची प्रमुख आहे, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, इल्केस्टनची. तिकडच्या पद्धतीने सगळ्यांना प्रेमाने 'डक' म्हणते, वरिष्ठांनासुद्धा. तिचं बोलणं इंग्रजी, इथे मी मराठीत उतरवतो.

"विनय, डक, मंगळवारचा मास्क बघितला. तो तीन दिवसांचा चंद्र होता. नखाएवढा. तो गार असतो. सेन्सरला तो जाणवतसुद्धा नाही."

"काळजी घेतलेली बरी."

"अठरा मिनिटं?"

ती खुर्ची ओढून बसली. तिने जुने तक्ते काढून आणले होते. गेल्या वर्षापर्यंत माझे मास्क सहा मिनिटांचे असायचे: चंद्र यायच्या आधी तीन, नंतर तीन. जुलैमध्ये दहा झाले. ऑगस्टमध्ये अठरा.

"काही कारण आहे का?" तिने विचारलं.

मी म्हणालो, उपग्रह जुना झाला आहे. दक्षिण-पश्चिमेचा डोळा चार वर्षांपूर्वीच गेला. आता काळजी जास्त घ्यावी लागते. हे खरंच आहे. तक्ते गोळा करत ती म्हणाली, "चहा घेणार का?"

३ सप्टेंबर, बुधवार

डर्बीहून गयामावशींचा फोन. मावशी आणि काशीनाथकाका आमच्या आधी तीस वर्षं इकडे आले. दर पौर्णिमेला त्यांच्या घरी बुद्धवंदना असते. राजश्री पांढरी साडी नेसून, गाडीच्या मागच्या सीटवर फुलं ठेवून जायची. एकटी.

"काय रे, जेवलास का?"

"हो मावशी."

"काय जेवलास?"

"टोस्ट."

"टोस्टला जेवण म्हणतात होय? तुझा तो डबा वर फिरतोय म्हणून तू खाली फिरायचंच नाही का?"

मग मुद्द्यावर आल्या. राजश्रीचं पुण्यानुमोदन, गेलेल्या माणसाला पुण्य अर्पण करायचं ते, राहिलं आहे. जुलैमध्ये मी म्हणालो होतो, थोडे दिवस थांबू. तेव्हापासून त्या थांबल्या आहेत. आता आश्विन पौर्णिमेला, सहा ऑक्टोबरला, बर्मिंगहॅमचे भंतेजी त्यांच्याकडे येणार आहेत. सोमवार आहे, पण भंतेजींना तोच दिवस मोकळा. भोजनदान, वंदना, मग राजश्रीसाठी जलदान. "बाराच्या आत जेवण झालं पाहिजे, भंतेजी बारानंतर जेवत नाहीत हे तुला माहीत आहे. साडेदहाला ये."

बघतो म्हणालो. सहा ऑक्टोबर काय आहे ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी दुपारी पूर्ण चंद्र उत्तरेच्या दोन्ही डोळ्यांसमोरून जाणार आहे. क्रॉसिंगच्या, म्हणजे चंद्र काठ ओलांडण्याच्या, अडीच तास आधी नियंत्रण कक्षात बसावं लागतं.

लोकांना वाटतं चंद्राचं काम म्हणजे रात्रीचं. तसं नाही. पौर्णिमेचा चंद्र आमच्या उपग्रहाला पृथ्वीमागे दिसतो तो भर दुपारी. तेव्हा तो आमच्या पायाखाली असतो, जमिनीच्या पलीकडे. सतरा वर्षं मी ज्या चंद्राचं काम करतो तो मला काम करताना एकदाही दिसलेला नाही.

राजश्री उपग्रहाला माझी सवत म्हणायची. "आज काय, सवतीला पौर्णिमेचं डोळे मिटून बसायचंय का? मग मी निघते." हसून म्हणायची. मला वाटतं हसूनच म्हणायची.

७ सप्टेंबर, रविवार

पौर्णिमा. झालेलं तसंच्या तसं लिहितो.

चंद्र दक्षिण बाजूने गेला. पश्चिमेच्या काठाने पृथ्वीमागे शिरतो, तासाभराने पूर्वेच्या काठाने बाहेर येतो. पश्चिमेचा डोळा मेलेलाच आहे. पूर्वेचा मी बंद केला. म्हणजे दक्षिणेकडे एकही डोळा नाही. अशा वेळी उपग्रह जायरोच्या, आतून तोल सांगणाऱ्या यंत्राच्या, भरवशावर राहतो. आपण डोळे मिटून उभे राहिलो की आपण कलतो आहोत हे आतून कळतं, तसं. पण जायरोही म्हातारा आहे. थोडा वेळ बरोबर सांगतो, मग त्याचं आतलं सरळ आणि बाहेरचं सरळ वेगळं होत जातं.

मास्क चाळीस मिनिटांचा होता.

सव्विसाव्या मिनिटाला उपग्रहाचं तोंड वळायला लागलं. त्याला स्वतःला काही कळत नव्हतं, त्याच्या हिशेबाने तो सरळच होता. मी मास्क काढला. डोळा उघडला, पृथ्वी भलतीकडे दिसली, आणि तो घाईघाईने परत वळला. अकरा मिनिटं सगळ्या लाइन बंद. एका बेटावर नर्स एका म्हाताऱ्या बाईच्या पायाची जखम कॅमेऱ्याने डॉक्टरला दाखवत होती. मधेच पडदा काळा झाला. कोणाला इजा झाली नाही.

चाळीस का घेतला, असं साराने विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. हे मी खरं सांगितलं. तक्ता करताना पहिल्यांदा सहाच लिहिले होते. मग वाटलं, उशीर झाला तर?

ट्रॅममधून बीस्टनला उतरलो तेव्हा पुलावर लोक उभे होते. ग्रहण होतं. लाल चंद्र नुकताच वर आला होता. एक बाई मला म्हणाली, "तिकडे बघा, लव्ह." मी थँक यू म्हटलं आणि मान खाली घालून घरी आलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मीटिंग. जायरोची चाचणी झाली. त्याच्यावर आता विश्वास ठेवता येणार नाही, तो कायमचा बंद केला आहे.

वरिष्ठांनी साधं करून सांगितलं. नवा उपग्रह वसंतात जागेवर येईल. तोपर्यंत बेटांवरच्या नऊ दवाखान्यांना आपलाच आधार. सहा ऑक्टोबरच्या चंद्रातून हा नीट पार पडला तर वसंतापर्यंत चालवायचा, कारण मध्ये इतकं वाईट क्रॉसिंग नाही. त्या दिवशी याने पुन्हा पृथ्वी हरवली, तर नोव्हेंबरमध्ये वरच्या कक्षेत ढकलून बंद करून टाकायचा. भरकटलेला उपग्रह शेजाऱ्यांनाही धोका. दवाखान्यांनी मग वसंतापर्यंत बोटीची वाट बघायची.

सहा ऑक्टोबरला उत्तरेचा एक डोळा बंद केला की दोन उरतात. दोन डोळ्यांवर तो सहा मिनिटं सरळ राहू शकतो. सातवं मिनिट धोक्याचं. म्हणजे मास्क सहाच्या आत हवा.

तक्ता माझ्याकडून काढून घेतील असं वाटलं होतं. सारा म्हणाली, तक्ता विनयच करेल, मी सोबत सही करेन. बाहेर आल्यावर तिला थँक यू म्हणालो. ती म्हणाली, "थँक यू नको, डक. सहाच्या आत आण."

२१ सप्टेंबर, रविवार

मुलगा, सम्यक, एडिनबराहून दोन दिवस आला होता. तिथल्या हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर आहे. आल्या आल्या फ्रिज उघडून बघितला आणि काही न बोलता दुकानात गेला. मग डाळ केली. राजश्रीसारखी नाही, पण डाळ होती.

"बाबा, फोन का नाही उचलता तुम्ही?"

"कामात असतो."

"सॅटर्डेला?"

"चंद्राला शनिवार नसतो."

"That's so not funny," तो म्हणाला, पण थोडा हसला. मग भिंतीकडे बघून त्याच्या इकडच्या मराठीत म्हणाला, "आईची फोटो कुठे गेली?"

मी सांगितलं, काच पुसायला काढला आहे. तो ड्रॉवरमध्ये आहे. काच स्वच्छ आहे.

सहा ऑक्टोबरला त्याने सुट्टी घेतली आहे. मावशींनी थेट त्यालाच फोन केला होता. "तुम्ही येणार ना? You have to be there, बाबा. पाणी तुम्ही ओतणार." मी उपग्रहाचं सांगितलं. त्याने ताटं धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग म्हणाला, "ओके." तो चिडला असता तर बरं झालं असतं.

त्याला ट्रेनला सोडून आलो. एक गोष्ट त्याला सांगितलेली नाही, कोणालाच नाही. इथे लिहितो.

तीन जुलैला सकाळी आठ वाजता मी हॉस्पिटलमध्ये राजश्रीजवळ होतो. रात्रभर होतो. फोन आला म्हणून कॉरिडॉरमध्ये गेलो. कंट्रोल रूमचा होता. अर्ध्या चंद्राचा एक मास्क होता, चार मिनिटं आधी घेऊ का, असं ते विचारत होते. मी म्हणालो घ्या, आधी घेतलेलं कधीही चांगलं. मग ते आणखी काहीतरी विचारत राहिले. मी बारा मिनिटांनी परत आलो तर नर्स खिडकी उघडत होती, इकडे माणूस गेलं की उघडतात तशी.

एवढंच. लिहून काही हलकं वगैरे वाटलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

अॅटनबरोच्या तळ्यावर धुकं होतं. हंस दिसत नव्हते, फक्त पाण्याचा आवाज यायचा आणि मग पांढरं काहीतरी पुढे सरकायचं. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. बाकावर बसून राहिलो.

पहाटे स्वप्न पडलं होतं ते तिथे आठवलं. मी वर होतो, उपग्रहाच्या जागी. समोर तो कोमट गोल. त्याच्या काठावरून राजश्री चालत होती, पांढरी साडी, हातात बाजारची पिशवी. ती बाहेरगावी निघाल्यासारखी नव्हती, कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्यासारखी होती. मला ती नीट दिसायला हवी होती, पण कोणीतरी सांगितलं होतं की ती काठाजवळ आली की डोळे मिटायचे. मी मिटले. उघडले तेव्हा काठ मोकळा होता. स्वप्नात मला वाईट वाटलं नाही. काम बरोबर झालं असंच वाटलं. जाग आल्यावर मात्र बराच वेळ उठवलं नाही.

सहा तारखेच्या तक्त्याचा पहिला खर्डा केला. शिरताना वीस मिनिटं, बाहेर पडताना वीस. हे चालणार नाही हे मला माहीत आहे. सहा मिनिटांच्या वर तो टिकत नाही. तरी हात वीसच लिहितो.

१ ऑक्टोबर, बुधवार

साराबरोबर दुपारभर बसलो. वीसचे बारा झाले, बाराचे नऊ. नऊवर मी अडलो.

"चंद्र काठाशी येण्याची वेळ तुला सेकंदापर्यंत माहीत आहे," ती म्हणाली. "सतरा वर्षांत तुझी वेळ किती चुकली?"

"दोन-तीन सेकंद."

"मग ही बाकीची मिनिटं कोणासाठी आहेत?"

खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी पानं गोळा करत होतं. सारा म्हणाली, तिचे वडील गेले त्यानंतर ती वर्षभर घराचं दार तीन-तीनदा तपासायची, कामाला उशीर व्हायचा. मी म्हणालो, माझं तसं नाही, हा तांत्रिक प्रश्न आहे. "हो हो, अर्थात," ती म्हणाली.

मग पेन घेऊन मी पाच लिहिलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी खोडून चार लिहिलं. आधी दोन, नंतर दोन. जायरो असतानासुद्धा मी कधी इतका कमी घेतला नव्हता. साराने लगेच सही केली, मी पुन्हा पेन उचलायच्या आत.

उठताना तिला सहज विचारलं, सोमवारी मी खोलीत नसलो तर?

"तू नसलास तरी चालेल असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "चालेल का ते मला माहीत नाही. तक्ता वाचता येतो मला. काही बिघडलं तर तुझ्याइतकं लवकर मला कळणार नाही. का, कुठे जायचंय?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं कोणाला, की राजश्रीचं काहीतरी करायचं राहिलं आहे. ती पटकन म्हणाली, "विनय, मग तू हे आत्ता विचारतोस?"

४ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर वारा. शेजाऱ्यांच्या बागेतलं ट्रँपोलिन कुंपणावर चढून बसलं.

सोमवारी जायचं की नाही हे अजून ठरत नाही. गेलो आणि उपग्रह गेला, तर नऊ दवाखाने माझ्यामुळे. नाही गेलो, तर मावशी पुन्हा काही म्हणणार नाहीत, सम्यक ओके म्हणेल, आणि तेच मला नको आहे. दोन्ही बाजू लिहून काढल्या. लिहिल्याने दोन्ही सारख्याच मोठ्या झाल्या.

मधला मार्गही काढून पाहिला. जेवण बाराला संपेल. आधीची तयारी सारावर सोडून साडेबाराला डर्बीहून निघालो तर एकला खोलीत. चंद्र एक वाजून पाच मिनिटांनी काठाला लागतो. पण जलदान जेवणानंतर असतं. ते अर्धवट टाकून निघावं लागेल.

५ ऑक्टोबर, रविवार

सम्यक आला. संध्याकाळी भांडी घासताना त्याला कॉरिडॉरचं सांगितलं. ठरवून नाही. नळ चालू होता, त्याची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे सोपं गेलं. फोन, चंद्र, बारा मिनिटं, सगळं.

त्याने नळ बंद केला नाही. म्हणाला, "मला माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"नर्सनी सांगितली होती, त्याच दिवशी. तुम्ही बाहेर होता."

"मग तू काही बोलला नाहीस."

"तुम्ही पण नाही बोलला." मग एक वाटी विसळून: "I thought तुम्हाला नको आहे मला माहीत असलेलं."

तीन महिने तो माझ्यासाठी गप्प राहिला आणि मी त्याच्यासाठी. मी पुसायचं फडकं घेतलं. एक पातेलं पुसून झालं तरी पुसत राहिलो. त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि जागेवर ठेवलं.

साराला मेसेज केला: उद्या तू चालव. तिचं उत्तर आलं, फक्त एक अंगठा.

मग चार मिनिटांचे पाच करायला हवे होते का, असं वाटत राहिलं. लॅपटॉप उघडला. सारा तक्ता वर उपग्रहाला पाठवून बसली होती, आता बदलता येत नव्हता. बरं झालं.

६ ऑक्टोबर, सोमवार

डर्बीला पावणेअकराला पोचलो. मावशींनी दारातच म्हटलं, "साडेदहा म्हणाले होते," आणि मग माझ्या दंडाला धरून आत नेलं. बाहेरच्या खोलीतला सोफा त्यांच्या घरामागच्या फरसबंद पॅटिओवर नेऊन ठेवला होता, आत चादरी अंथरल्या होत्या. वीसेक माणसं. बहुतेकांना मी नावाने ओळखत नव्हतो. ती सगळी मला ओळखत होती. एक तरुण बाई म्हणाली, राजश्रीताईंनी मला इकडे ड्रायव्हिंग शिकवलं. एक जण म्हणाले, माझा व्हिसाचा फॉर्म त्यांनीच भरला होता. हे सगळं पौर्णिमांना झालेलं. मी ऐकत होतो. या घरात तिचं एक अख्खं आयुष्य होतं.

त्रिशरण, पंचशील. भंतेजी लहान चणीचे, सर्दी झालेले. जेवण बाराला दहा कमी असताना संपलं, काशीनाथकाका घड्याळ धरून उभे होते. मग आम्हाला पुढे बसवलं. मी तांब्या धरला, सम्यकने माझ्या हाताला हात लावला. वाटीत पाण्याची धार धरायची, गाथा चालू असेपर्यंत ती थांबवायची नाही. वाटी भरून खाली ताटात पाणी सांडू द्यायचं. मला आतून वाटत होतं, भरली, आता थांबावं. मावशी मागून हळूच म्हणाल्या, "ओत. सांडू दे."

साडेबाराला गाडीची किल्ली खिशात हाताला लागली. सगळे बसले होते, चहा यायचा होता. काका म्हणाले, "विनय, ही मोठी पातेली मला एकट्याला उचलवायची नाहीत." म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. एक वाजून पाच मिनिटांनी मी वरणाचं पातेलं घासत होतो. घड्याळ समोरच होतं. चंद्र शिरला असणार, असं वाटलं, आणि काका म्हणाले, "बुडाला चिकटलंय, गरम पाणी घे." मग तासभर चंद्र पृथ्वीमागे होता. त्या तासात मी खीर खाल्ली, दुसऱ्यांदाही घेतली.

साराचा मेसेज अडीचला आला होता. मी वाचला चारला, गाडीत, सम्यक चालवत होता. "थोडा डगमगला, डक. मग आपणहून सरळ झाला. आलेख पाठवते."

आलेख आत्ता समोर आहे. शिरताना काही नाही, रेघ सरळ. बाहेर पडताना माझा मास्क अर्धं मिनिट लवकर उघडला. चार मिनिटं कमीच होती, निदान पाच हवी होती. डोळा उघडला तेव्हा चंद्राची कड अजून तिथेच होती. उपग्रहाला वाटलं पृथ्वी वाढली आणि तो तिकडे कलला. चाळीस सेकंद. मग चंद्र पुढे सरकला, डोळ्याला खरा काठ दिसला, आणि रेघ हळूहळू खाली येऊन जुन्या जागी बसली. कोणी काही केलं नाही. कोणाचाही फोन तुटला नाही. वरिष्ठांनी वसंतापर्यंत हो म्हटलं आहे.

मी ती रेघ पुन्हा पुन्हा पाहिली. सतरा वर्षांत मी त्याला कधी कलूच दिलं नव्हतं. त्यामुळे तो आपणहून परत येतो हे मला माहीत नव्हतं.

बाहेर चंद्र वर आला आहे. सम्यक बागेत जाऊन उभा आहे, मला बोलावतो आहे. "बाबा, या ना, केवढी मोठी आहे बघा!"

उद्या दुपारी चंद्र पुन्हा उत्तरेच्या काठाला घासून जाणार आहे. त्याचा तक्ता साराने केला आहे. तपासण्यासाठी तिने मला पाठवला होता. मी तो उघडलेला नाही. बाहेर जातो.